कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीवर नाही: घरी राइट केलेली डीव्हीडी प्लेअरवर का अडते आणि ती चालती कशी करायची

सांगली जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात अजून डीव्हीडी प्लेअर आहे. मुलं पुण्या-मुंबईला, घरात आजी-आजोबा. मोबाइलवर लिंक उघडून नातवाचं बारसं बघायचा त्यांना कंटाळा असतो. रिमोटचं प्ले दाबलं की दिसलं पाहिजे. म्हणून लग्न, साठीशांत, तासगावचा रथोत्सव, मंडळाची मिरवणूक यांच्या डिस्क अजूनही काढल्या जातात. आणि मग जतला किंवा आटपाडीला एसटीने पाठवलेल्या डिस्कबद्दल फोन येतो: "अरे, यात तर काहीच लागंना!"

त्यावर आपलं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडं तर चालतीय की." या उत्तराचा काही उपयोग नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह जवळजवळ काहीही वाचतो. अर्धवट राहिलेली डिस्क, पुसून पुन्हा लिहायची डिस्क, चुकीच्या पद्धतीने लिहिलेली डिस्क, सगळं त्याला चालतं. वर व्हीएलसीसारखं व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर फाइल मोडकी असली तरी ओढूनताणून दाखवतं. टीव्हीखालच्या डब्याला यातलं काहीच जमत नाही. तो एका ठरावीक नियमाने बनलेली डिस्क शोधतो, सापडली तर चालवतो, नाही तर गप्प बसतो. तेव्हा फोनवर विचारायचा प्रश्न "चालते का" हा नाही. "नेमकी कुठं थांबते" हा आहे. त्या एका उत्तरावरून निम्मं निदान होतं.

आधी अडण्याची जागा ओळखा

डिस्क आत गेली, थोडा वेळ घरघर झाली आणि 'नो डिस्क' किंवा 'बॅड डिस्क' आलं, तर प्लेअरला डिस्क दिसलेलीच नाही. आतल्या व्हिडिओचा अजून संबंधच आलेला नाही. दोष डिस्कच्या प्रकारात, फायनलाइज न केल्यात (म्हणजे लिहून झाल्यावर डिस्क 'बंद' न केल्यात) किंवा प्लेअरच्या लेन्समध्ये आहे.

डिस्क ओळखली, पण पडद्यावर फोल्डरची यादी आली, 'अनसपोर्टेड' आलं किंवा नुसता कंपनीचा लोगो राहिला, तर डिस्क वाचली गेली आहे, पण ती व्हिडिओ डीव्हीडी म्हणून बनलेलीच नाही. इथे लेन्स साफ करत बसण्यात अर्थ नाही.

चित्र आलं पण आवाज नाही, आवाज आला पण चित्र काळं-पांढरं किंवा वर सरकतंय, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, तर दोष रूपांतरात किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये.

आणि सगळं छान चाललं, मंगलाष्टकं झाली, पण पाठवणीला येऊन चित्र चौकोनी तुकड्यांत फुटलं आणि अडकलं, तर दोष राइट करताना झालेला आहे किंवा डिस्कच्या कडेला डाग-चरा आहे. डीव्हीडी आतल्या बाजूकडून बाहेर लिहिली जाते. म्हणजे कार्यक्रमाचा शेवट कडेला असतो, आणि बोटांचे ठसे, ओरखडे, लिहिण्यातल्या चुका, सगळं कडेलाच जास्त जमतं.

हे ठरवण्यापूर्वी एक चाचणी करा. दुकानातून विकत घेतलेली, छापील डीव्हीडी त्याच प्लेअरमध्ये घाला. ती चालली तर प्लेअर साधारण ठीक आहे. तीही अडली तर तुमच्या डिस्कचा दोष काढण्याआधी प्लेअरकडे वळा. मग एखादी जुनी ऑडिओ सीडी किंवा व्हीसीडी घालून बघा. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो आणि सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा. बहुतेक प्लेअरमध्ये भिंग एकच असतं, पण मागे लेझर दोन असतात. त्यामुळे सीडी झकास चालतात आणि एकही डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट, असं झालं तर एक लेझर थकलेला आहे. अशा वेळी भिंग कितीही पुसलं तरी फरक पडत नाही. भिंगावर धूळ असेल तर त्रास सहसा दोन्हींना होतो.

डिस्कचा प्रकार: जुन्या प्लेअरचे नखरे

कोऱ्या डीव्हीडीवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. वजा आर (DVD-R), अधिक आर (DVD+R), वजा आरडब्ल्यू, अधिक आरडब्ल्यू, डबल लेअर. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्लेअरच्या दृष्टीने नाहीत.

कारण परावर्तनाचं आहे. प्लेअर लेझर टाकतो आणि परत आलेला प्रकाश मोजतो. छापील एकपदरी डीव्हीडी आणि एकदाच लिहायची डीव्हीडी साधारण ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते. पुसून पुन्हा लिहायची आरडब्ल्यू डिस्क फक्त १८ ते ३० टक्के. लेन्स नवी असताना हे जमून जातं. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या लेन्सला आरडब्ल्यू डिस्क म्हणजे कोरी चकती. तेव्हा कुणाला द्यायची डिस्क आरडब्ल्यूवर काढू नका. घरी तपासणीसाठी ठीक.

वजा आर आणि अधिक आर यांत आता फारसा फरक उरला नाही, पण २००५ च्या आसपासचे आणि त्याआधीचे प्लेअर वजा आर जास्त सहज घेतात. वजा आर ही १९९७ पासूनची. अधिक आर २००२ मध्ये आली. समोरचा प्लेअर जुना आहे हे माहीत असेल तर वजा आरच घ्या. हाती अधिक आरच असेल तर एक सोय आहे: तिच्यावर 'बुक टाइप' नावाची नोंद बदलता येते. ती 'डीव्हीडी-रॉम' केली की काही हट्टी प्लेअर तिला छापील डिस्क समजून घेतात. रायटरने, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हने, परवानगी दिली तर इमबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदलता येतं, पण राइट करण्यापूर्वी. लिहून झालेल्या डिस्कवर नाही. वजा आरवर ही सोयच नाही.

डबल लेअर डिस्क घरगुती कामासाठी मला पटत नाही. महाग, आता सहज मिळतही नाही, आणि एका थरावरून दुसऱ्या थरावर जाताना बरेच प्लेअर गचका खातात किंवा तिथेच थांबतात. चार तासांचं लग्न असेल तर दोन साध्या डिस्क करा.

फायनलाइज: सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतं

फायनलाइज न केलेली डिस्क म्हणजे अनुक्रमणिका न छापलेलं पुस्तक. पानं आहेत, पण प्लेअर आधी अनुक्रमणिका उघडतो आणि ती नसली तर पुस्तकच नाही असं समजतो.

तपासायला डिस्क रायटरमध्ये घाला आणि इमबर्न उघडा. उजवीकडच्या माहितीत डिस्कचं स्टेटस दिसतं. 'कम्प्लीट' असेल तर डिस्क बंद झालेली आहे. 'इनकम्प्लीट' असेल तर टूल्समध्ये ड्राइव्ह, त्यात क्लोज, त्यात डिस्क असं जाऊन ती बंद करता येते. मात्र यातून आतली मांडणी सुधारत नाही. आत साध्या एमपी४ फाइल असतील तर बंद केल्यावरही त्या साध्या फाइलच राहतात.

मिनी डीव्हीडी कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. २००५ ते २०१० च्या सुमारास आठ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्कवर शूटिंग करणारे हँडीकॅम बऱ्याच घरांत आले. एका डिस्कवर १.४ जीबी, साधारण अर्धा तास. अनेकांनी डिस्क भरल्यावर कॅमेऱ्यातला फायनलाइजचा पर्याय कधी दाबलाच नाही, कारण कॅमेऱ्यातून केबल लावून टीव्हीवर दिसत होतं. आज कॅमेरा बिघडलाय आणि डिस्क कुठेच लागत नाहीत. अशी डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये घातली की कधी कधी "ही डिस्क फॉरमॅट करायची का" असा प्रश्न येतो. नाही म्हणा. हो म्हटलंत तर पहिल्या वाढदिवसाचं शूटिंग गेलं. शक्य असेल तर तोच कॅमेरा किंवा त्याच कंपनीचा, त्याच काळातला दुसरा कॅमेरा नातेवाइकांत शोधा आणि त्यात घालून फायनलाइज करा. बॅटरीवर नको, चार्जर लावून. कॅमेरा मिळालाच नाही तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर अशा उघड्या डिस्कमधून व्हिडिओ बाहेर काढू शकतं. आणि ही छोटी डिस्क गाडीतल्या किंवा लॅपटॉपच्या फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकते. ट्रेवाला ड्राइव्हच हवा, ट्रेमधल्या आतल्या छोट्या खाचेत ठेवा.

डीव्हीडी रेकॉर्डरवर टीव्हीवरून घेतलेल्या डिस्कमध्ये आणखी एक घोळ असतो: 'व्हीआर मोड'. रेकॉर्डरमध्ये काटछाट करता यावी म्हणून ही पद्धत आहे, पण साधे प्लेअर ती ओळखत नाहीत. रेकॉर्ड करण्यापूर्वीच 'व्हिडिओ मोड' निवडायचा असतो.

विंडोजचा तो एक प्रश्न

कोरी डिस्क घातली, फाइल ओढून टाकली की विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरणार? दोन पर्याय: 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' आणि 'सीडी/डीव्हीडी प्लेअरबरोबर'. पहिला निवडला तर डिस्क अशा पद्धतीने लिहिली जाते की ती बहुतेक प्लेअरना वाचताच येत नाही.

दुसरा निवडला की लोकांना वाटतं, झालं काम. तसं नाही. दुसरा पर्याय फक्त फाइल जुन्या, सर्वमान्य पद्धतीने लिहितो आणि डिस्क बंद करतो. तुमची एमपी४ फाइल एमपी४च राहते. टीव्हीखालचा साधा प्लेअर एमपी४मधला आजचा एच.२६४ व्हिडिओ उलगडू शकत नाही. विंडोज सेव्हनच्या होम प्रीमियम आणि वरच्या आवृत्त्यांत 'डीव्हीडी मेकर' होता, तो खरी व्हिडिओ डीव्हीडी बनवायचा. विंडोज ८ पासून तो काढून टाकला. त्यानंतर हे काम वेगळ्या सॉफ्टवेअरने करावं लागतं.

खरी व्हिडिओ डीव्हीडी ओळखायची खूण सोपी आहे. डिस्क कॉम्प्युटरवर उघडा. सगळ्यात वर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर हवा आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा शेवटाच्या फाइल हव्यात. एकेक व्हीओबी एक जीबीपर्यंतच असते, म्हणून लांब कार्यक्रमाच्या चार-पाच दिसतात. सोबत 'ऑडिओ_टीएस' नावाचा रिकामा फोल्डर असतो. तो रिकामाच असायचा, घाबरू नका.

नेहमी आढळणारे तीन घोटाळे इथेच कळतात. डिस्कवर फक्त एक आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, म्हणजे इमेज) दिसते: म्हणजे इमेज 'राइट' करण्याऐवजी फाइल म्हणून कॉपी झाली. 'व्हिडिओ_टीएस' हा 'शुभविवाह' नावाच्या फोल्डरच्या आत आहे: प्लेअर आत शिरून शोधत नाही, त्याला तो सगळ्यात वरच हवा. आणि नुसत्या व्हीओबी फाइल आहेत, आयएफओ नाहीत: आयएफओशिवाय प्लेअरला कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

व्हीसीडीलाही असंच. त्यात 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये डीएटी फाइल असते. ती फाइल उचलून दुसऱ्या सीडीवर टाकली म्हणून व्हीसीडी होत नाही; सॉफ्टवेअरमध्ये 'व्हिडिओ सीडी' हाच प्रकार निवडून लिहावी लागते.

नव्याने, नीट बनवायची पद्धत

डिस्क चुकीची बनलेली असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, मूळ फाइलवरून पुन्हा बनवा. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रूपांतरही करतं, मेनूही बनवतं.

नवीन प्रोजेक्ट उघडताना टीव्ही सिस्टिम पाल निवडा. भारतात पाल: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. सॉफ्टवेअर बाहेरच्या देशातलं असल्याने कधी एनटीएससी आधीच निवडलेलं असतं, म्हणजे ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७. आपल्याकडचे बरेच प्लेअर दोन्ही घेतात, पण जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही एनटीएससीवर काळं-पांढरं किंवा घरंगळणारं चित्र दाखवू शकतो. अमेरिकेतल्या भाचीने पाठवलेली डिस्क अशी दिसली तर आधी प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम 'ऑटो' किंवा 'पाल' करून बघा. अनेक प्लेअर तेवढ्यावर रूपांतर करून देतात.

व्हिडिओ एमपीईजी-२ असायला हवा. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. सीडीच्या गाण्यांचा ४४.१ चालत नाही. आवाजासाठी एसी-३ निवडा आणि १९२ किंवा २२४ केबीपीएस ठेवा. बोलण्याला आणि सनईला तेवढं पुष्कळ होतं.

आता बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किती माहिती. इथे लोक दोन्हीकडून चुकतात. ४.७ जीबी लिहिलेल्या डिस्कवर कॉम्प्युटरच्या मोजणीने ४.३८ जीबीच मावतं, कारण डिस्कवाले हजारने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. त्या जागेत दोन तास बसवायचे तर आवाज धरून सरासरी ५ एमबीपीएस मिळतो. चित्र चांगलं येतं. तीन तास कोंबले तर साडेतीनच्या खाली येतो. वरातीत लोक नाचायला लागले की चेहऱ्यांचे चौकोन होतात. उलट, एका तासाच्या कार्यक्रमाला "जागा आहे ना" म्हणून सगळा बिटरेट देऊ नका. डीव्हीडीचा नियम व्हिडिओला ९.८ पर्यंत मुभा देतो, पण त्या टोकावर स्वस्त प्लेअर अडखळतात आणि राइट केलेल्या डिस्कवर तर जास्तच. कमाल मर्यादा ८ वर ठेवली की बऱ्याच अनाकलनीय तक्रारी आपोआप बंद होतात.

मोबाइलवर केलेलं शूटिंग वेगळा त्रास देतं. मोबाइल सेकंदाला किती चित्रं घ्यायची हे उजेड बघून बदलत राहतो. ते जसंच्या तसं डीव्हीडीत घातलं की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, अर्ध्या तासाने भटजींचे शब्द आधी आणि तोंड नंतर. उपाय: आधी हँडब्रेकमध्ये फाइल घालून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', २५ असं करून घ्या, मग ती डीव्हीडीस्टायलरला द्या. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, तो फक्त या मधल्या पायरीसाठी.

जुन्या कॅसेटवाल्या कॅमेऱ्याचं फुटेज असेल आणि कोणी चाललं की कडा फणीसारख्या थरथरत असतील, तर 'फील्ड ऑर्डर', म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींपैकी कोणत्या आधी दाखवायच्या तो क्रम, उलटी झाली आहे. डीव्ही कॅसेटचं फुटेज 'बॉटम फील्ड फर्स्ट' असतं, नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांचं बहुधा 'टॉप'. सेटिंग मूळ फुटेजप्रमाणे ठेवा.

डिस्कचं नाव मराठीत द्यायचा मोह होतो. देवनागरी नाव प्लेअरच्या डोक्यावरून जातं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच ठेवा. मराठी शीर्षक मेनूच्या चित्रात घाला, तिथे ते हवं तसं सजवता येतं. रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी त्याचा आकडा, 'ऑल' ठेवा. भारत ५ मध्ये येतो, पण घरच्या डिस्कला कोडची गरजच नाही.

सगळं झालं की थेट डिस्कवर लिहू नका. आधी कॉम्प्युटरवरच आयएसओ किंवा फोल्डर बनवा, व्हीएलसीमध्ये मेनू, प्रकरणं, आवाज तपासा. चूक असेल तर कोरी डिस्क वाचते.

राइट करताना

इमबर्नमध्ये आयएसओ असेल तर 'इमेज डिस्कवर लिहा', फोल्डर असेल तर 'फाइल-फोल्डर डिस्कवर लिहा'. फोल्डर दिल्यावर तो व्हिडिओ डीव्हीडी आहे हे इमबर्न ओळखतं आणि मांडणीत दुरुस्ती सुचवतं. "हो" म्हणा. आयएफओ आणि तिची राखीव प्रत बीयूपी या दोन्ही डिस्कवर पुरेशा अंतरावर हव्यात, म्हणजे एक चरा दोघींना एकदम मारत नाही. ती काळजी ते घेतं. इमबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, तरी काम चोख करतं. फक्त इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या खुणा काढून टाका.

वेग किती? "जितका हळू तितका चांगला" हा सल्ला जुन्या डिस्कसाठी होता. १६ एक्सची (डिस्कवर छापलेला कमाल वेग) डिस्क ८ एक्सवर सहसा छान लिहिली जाते. एक किंवा दोन एक्सचा आग्रह धरू नका, आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनलेल्याच नाहीत. शंका आली तर चारवर एक आणि आठवर एक काढा आणि सगळ्यात नाठाळ प्लेअरवर दोन्ही लावून बघा.

'व्हेरिफाय' चालू ठेवा. दहा मिनिटं जास्त जातात, पण लिहिलेलं वाचता येतं का ते लगेच कळतं.

विजेचं बघा. वीज ये-जा करत असेल तेव्हा डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय राइट करू नये हे कुणालाही कळतं, पण लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या पातळ रायटरकडे दुर्लक्ष होतं. त्याला यूएसबीतून मिळणारी वीज जेमतेम पुरते. हबमधून जोडला किंवा लॅपटॉप बॅटरीवर असला की लिहिताना लेझर कमी पडतो. डिस्क पूर्ण होते, पण लिखाण फिकट. रायटर थेट लॅपटॉपला लावा, चार्जर लावून ठेवा, दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं जोडा.

डिस्क काठोकाठ भरू नका. ४.२ जीबीच्या आसपास थांबलात तर सगळ्यात त्रासदायक कड मोकळी राहते. उलट, पाच मिनिटांचाच व्हिडिओ असेल तर काही जुन्या प्लेअरना इतकी रिकामी डिस्क ओळखता येत नाही. तोच व्हिडिओ जास्त बिटरेटने घाला किंवा फोटोंचा स्लाइड शो जोडून एक जीबीच्या वर न्या.

लेबल, पेन, पाणी

लग्नाच्या डिस्कवर वधू-वरांचा फोटो चिकटवायची पद्धत होती. दिसायला देखणी, चालायला वाईट. कागदी स्टिकर किंचित एका बाजूला सरकला तरी वेगाने फिरताना डिस्क डुगडुगते, आणि प्लेअर तापला की कागद डिस्कला वाकवतो. हळूहळू सोलवटत गेला तर आतच अडकतो. चिकटलेला स्टिकर ओढून काढू नका, विशेषतः सीडीवरचा. सीडीत चमकणारा थर छापील बाजूच्या पातळ वार्निशखालीच असतो, तो स्टिकरबरोबर निघून येतो. डीव्हीडीत लिखाणाचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा सोसते. नाव लिहायला सीडी मार्करच वापरा, बॉलपेन कधीच नाही.

डाग पुसताना मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलं आणि चरा पडला तर तो लिखाणाच्या ओळीतच पडतो. सरळ आडवा चरा प्लेअर बहुधा पार करतो.

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत कृष्णेच्या पाण्यातून निघालेल्या डिस्कचे गठ्ठे घराघरांत वाळत घातले गेले. अशा डिस्क वाळलेल्या गाळासकट घासू नका. स्वच्छ पाण्यात भिजवून गाळ सुटू द्या, थोडं साबणाचं पाणी, पुन्हा स्वच्छ पाणी, सावलीत उभ्या वाळवा. उन्हात नाही: लिखाणाचा रंग सेंद्रिय असतो, उन्हाने उडतो. वाळल्यावर प्लेअरवर न लावता आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा. पाण्यात गेलेला प्लेअर मात्र कुतूहलाने प्लगला लावून बघू नका.

प्लेअर दोषी ठरला तर

आपला जिल्हा या बाबतीत दोन तोंडांचा आहे. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडे कोरडी धूळ. शिराळ्याकडे पावसाळाभर ओल. पूर्वेकडच्या प्लेअरच्या भिंगावर धूळ बसते, पश्चिमेकडच्या भिंगावर दमटपणाचा धुरकट थर. धूळ असेल तर साफ केल्यावर लगेच फरक दिसतो. ओलीने आतल्या आरशावर बुरशी आली तर वरून पुसून भागत नाही.

प्लेअरचा प्लग काढा, नुसता बंद करू नका. थोडा वेळ थांबून वरचं झाकण उघडा. चकती जिथे बसते त्याच्या शेजारी निळसर छोटं भिंग दिसेल. कॉटन बडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा, पिळून घ्या आणि भिंगावर अलगद फिरवा. दाबू नका, भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असतं. दुसऱ्या कोरड्या बडने पुसा. अत्तर, रॉकेल, थिनर यातलं काही नको. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू करू नका, लेझरकडे थेट बघणं डोळ्यांना धोक्याचं.

त्याच वेळी मधली गोल बैठक, जिच्यावर डिस्क बसते, ती पुसा. तिच्यावरची रबरी कडी गुळगुळीत झाली की डिस्क घसरते, वेग कमी-जास्त होतो आणि प्लेअर कधी वाचतो, कधी नाही. ट्रे अर्धाच बाहेर येत असेल तर आतला पट्टा सैल झालाय. तो किरकोळ किमतीत मिळतो.

एवढं करूनही छापील डीव्हीडी अडत असेल तर लेन्सचा पूर्ण संच बदलायचा. दुरुस्तीवाल्याला "लेन्स बदल" म्हणण्याआधी "छापील डीव्हीडी अडते, सीडी चालते" असं नेमकं सांगा. त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचेही पैसे. आवाजच नसेल तर दुकानात नेण्याआधी सेटअपमध्ये डिजिटल आउट 'रॉ'वर गेलंय का बघा. 'पीसीएम' केलं की बऱ्याचदा आवाज परत येतो.

पेनड्राइव्हचा पर्याय

प्लेअरला समोर यूएसबीची खाच असेल तर डिस्कचा नाद सोडून द्यायला माझी हरकत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस बहुतेक प्लेअरना दिसत नाही. इथेही एमपी४ चालेलच असं नाही. एमपीईजी-२ किंवा एक्सव्हिडची एव्हीआय, ७२० बाय ५७६ च्या आत, हे सुरक्षित. एफएटी३२ एका फाइलला ४ जीबीच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणून लग्नाचे हळद, विधी, जेवण, पाठवणी असे तुकडे करा. नावं इंग्रजी अक्षरांत आणि प्रत्येकाच्या पुढे ०१, ०२ असे आकडे इंग्रजीतूनच. कॉपीही त्याच क्रमाने, एकेक करून करा. काही प्लेअर अक्षरांच्या क्रमाने लावतात, काही कॉपीच्या क्रमाने. आकडे नसले तर 'पी'ची पाठवणी 'व्ही'च्या विधीआधी लागते.